मीटर घराचा, मोबाईल माणसाचा

कल्याणहून माळशेजच्या वाटेला लागलं की मुरबाड मागे पडतं, सरळगाव येतं आणि मग टोकावडे. इथून पुढे सह्याद्रीची भिंत अंगावर येऊ लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात मी इथल्या नाक्यावर पावसाने अडकलो होतो. आडोसा म्हणून एका किराणा दुकानाच्या पायरीवर चढलो, आणि गल्ल्याशेजारच्या फळीकडे पाहतच राहिलो.

फळीवर तीन एक्स्टेंशन बोर्ड होते आणि त्यांना लटकलेले मोबाईल. मी मोजले, चौदा भरले. बहुतेक बटणाचे, दोन-तीन रबरबँडने बांधलेले. प्रत्येकाच्या पाठीवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी, आणि तिच्यावर बॉलपेनने कुणाचं नाव, कुणाचा पाडा. एका चार्जिंगचे पाच रुपये. तेवढ्यात डोक्यावर कर्टुल्यांची पाटी घेतलेली एक ठाकर बाई आली. पाटी न उतरवताच तिने विचारलं, "दादा, माझा भरला का?"

"एक कांडी राहिलीय, मावशी. भाजी विकून या तवर."

तिच्या पाड्यावर सहा दिवस लाईट नव्हती. वादळात झाड तारांवर कोसळलं होतं. पण लेक भिवंडीला गोदामात कामाला, त्याचा रात्री आठला फोन येतो, म्हणून ती रोज तासभर चालून खाली उतरत होती. घरातल्या दिव्यासाठी नव्हे, हातातल्या फोनसाठी.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जिथे वैरण पोचत नाही तिथे बैल कसा पोचला? विजेवर जगणारी वस्तू विजेच्या आधी डोंगराच्या कुशीत गेली कशी? उत्तर शोधताना मी टोकावड्याहून निघालो तो थेट आफ्रिकेत पोचलो, कारण ही फळी तिथे जागोजाग आहे. केनियात आहे, युगांडात आहे, मलावीत आहे. कुठे ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालते, कुठे न्हाव्याच्या दुकानातल्या जनरेटरवर. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत आजही साधारण ६० कोटी माणसांच्या घरात वीज नाही. पृथ्वीवर अंधारात राहणाऱ्या दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक तिथली. आणि यातल्या कोट्यवधींच्या खिशात मोबाईल आहे.

त्या फळीवरच्या फोनांत नोकियाचा ११०० नक्की असणार. २००३ साली आलेला हा फोन आठवत असेल: धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबराची बटणं, घामट हातातून निसटू नये म्हणून खरबरीत कडा, आणि माथ्यावर एक छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च. जिथे रात्री लाईट नसते तिथल्या माणसाला समोर ठेवून ही वस्तू घडवली होती. असे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. २००५ साली नोकियाने आपला शंभर कोटीवा फोन विकला, तो ११०० होता आणि नायजेरियातल्या गिऱ्हाइकाने घेतला होता. सर्वाधिक लोक विजेविना राहतात असा देश आजही नायजेरियाच आहे.

इथे एक हिशेब मांडून पाहू. ११०० ची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे ३ वॉट-तास वीज लागते. चार्जरमधली गळती धरून ४ म्हणा. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे एका युनिटात असे अडीचशे फोन भरतात! फळीवर प्रत्येकी पाच रुपये, म्हणजे युनिटला साडेबाराशे रुपये. दुकानदार लुबाडत होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो फोन सांभाळत होता, अदलाबदल होऊ देत नव्हता, पावसापासून जपत होता. केनियातल्या खेड्यांतही एका चार्जिंगला दहा-वीस शिलिंग घेत असत, म्हणजे हिशेब तोच. पण एवढी महाग वीज मुंबईतला कुठलाही धनिक घेत नाही. ती घेत होती कर्टुली विकणारी बाई, आणि तिला ती परवडत होती. कारण तिला हवी होती फक्त चार वॉट-तास वीज. फोनची भूक इतकी लहान आहे की ती भागवायला खांब, तारा, डीपी काही लागत नाही. दोन पाय आणि पाच रुपये पुरतात. वीज घरी येत नसेल तर फोन विजेच्या घरी जातो.

दिव्याला हे जमत नाही. पंख्याला, पंपाला, पिठाच्या गिरणीला तर नाहीच. त्यांच्यापर्यंत तारेनेच जावं लागतं, आणि तारेची गोष्ट मोठी कठीण असते.

खांबाखांबाने चालत जावं लागतं तिला. मुख्य गावातल्या डीपीपासून पाडा दोन किलोमीटरवर असेल तर तीस-चाळीस खांब रोवायचे. वाटेत ओढा, खडक, वनखात्याची जमीन. एवढं करून टोकाला पंधरा घरं, आणि घरात दोन दिवे. लांबलेल्या तारेत दाब पडतो, शेवटच्या घरातला बल्ब काजव्यासारखा मिणमिणतो. पावसाळ्यात कुठल्याही एका खांबावरचं चिनीमातीचं इन्सुलेटर वीज पडून तडकलं की पुढची सगळी ओळ आंधळी. वायरमन भर पावसात काठीने तारा तपासत फॉल्ट शोधत फिरतो. तार ही साखळी आहे, तिची एक कडी तुटली की सगळं तुटतं.

आणि तार जवळून गेली म्हणजे वीज मिळते असंही नाही. मुरबाडच्या शेजारी शहापूर तालुका. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवरून १९३० च्या सुमारासच विजेवर चालणाऱ्या गाड्या इगतपुरीला जाऊ लागल्या. रुळांवरच्या तारेत वीज, आणि रुळांशेजारच्या झोपडीत त्यानंतर कित्येक दशकं रॉकेलची चिमणी.

शहापूरच्या अलीकडे पडघे आहे. थेट चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची एक तार तिथे येऊन थांबते, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली. पाच लाख व्होल्टचा दाब आणि १५०० मेगावॉटची क्षमता. दोन दिवे, एक पंखा आणि एक चार्जर एवढ्यावर चालणारी दीड कोटी घरं एका वेळी उजळतील इतकी! पण हिच्यातून वाटेतल्या एखाद्या वस्तीला एक दिवासुद्धा देता येत नाही. यात कुणाचा दुष्टावा नाही, पदार्थविज्ञान आहे. या तारेतली वीज एकदिश असते, म्हणजे डीसी. लांब पल्ल्याला तीच काटकसरीची. पण ट्रान्सफॉर्मर चालतो बदलत्या प्रवाहावर, एसीवर. स्थिर प्रवाहाचा दाब त्याला उतरवता येत नाही. मध्येच वीज काढायची तर रूपांतराचं अख्खं केंद्र उभारावं लागतं, आणि त्याला शेकडो कोटी रुपये लागतात. पडघ्याला ते आहे, म्हणून तार पडघ्यालाच उतरते.

आता काँगोकडे पाहा. काँगो नदीवरच्या इंगा धरणापासून कोल्वेझीच्या खाणींपर्यंत अशीच एकदिश प्रवाहाची तार १९८२ साली पुरी झाली. लांबी सुमारे १७०० किलोमीटर. जंगलांवरून, हजारो वस्त्यांवरून ती जाते, आणि खाली अंधार. त्या देशात आजही पाचांतल्या जेमतेम एकाकडे वीज आहे. पण मी थबकलो ते पुढच्या गोष्टीपाशी. ती वीज जाते तांबं आणि कोबाल्ट काढायला. जगातला बहुतांश कोबाल्ट याच भागातून येतो, आणि मोबाईलच्या लिथियम बॅटरीत कोबाल्ट लागतो. टोकावड्याच्या फळीवर भरत असलेल्या त्या चौदा फोनांच्या पोटात कोल्वेझीची माती असण्याची शक्यता दाट आहे. ज्यांच्या डोक्यावरून वीज गेली त्यांच्या जमिनीतला धातू डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या हातात आला होता, लेकाचा आवाज ऐकवायला.

सरकारी कागदावर मात्र पाडा फार पूर्वीच उजळलेला असू शकतो. आपल्याकडे १९९७ पर्यंत गावाच्या शिवारात कुठेही, अगदी एखाद्या पंपाला वीज मिळाली की गाव विद्युतीकृत धरलं जाई. २००४ नंतर नियम सुधारला. शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज आणि एकूण घरांपैकी १० टक्के घरांत जोडणी असली की झालं. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याचं जाहीर झालं. ते खरंही होतं, या व्याख्येनुसार. पण मुरबाड-शहापूरमधलं गाव म्हणजे एक ठिकाण नसतं. मूळ गावठाण एकीकडे, आणि ठाकरांचे, कातकऱ्यांचे, महादेव कोळ्यांचे पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. दहा टक्के गावठाणातच भरून निघतात. घरागणिक हिशेब धरणारी सौभाग्य योजना सप्टेंबर २०१७ मध्ये आली, तेव्हा कुठे मोजणीचा कंदील पाड्याकडे वळला.

आता मोबाईलच्या लहरीकडे येऊ, कारण खरं नवल तिथे आहे.

टॉवरला शेवटच्या घरापर्यंत काहीच रोवावं लागत नाही. एका टेकाडावर लोखंडी मनोरा उभा केला, खाली बॅटऱ्या आणि डिझेलचा जनरेटर ठेवला की भोवतालच्या सगळ्या पाड्यांवर एकदम आवाज पसरतो. ओढा आडवा येत नाही, झाड पडून तुटत नाही. वीज घराघरात न्यायची तर जितकी घरं तितकी वायर. लहरीला घरांची मोजदादच नसते. आफ्रिकेत म्हणूनच कंपन्यांना घाई करता आली. तारांचे फोन तिथे मूठभर लोकांकडे होते, आणि मोबाईलने ती पायरीच ओलांडली. २०१० मध्ये आपल्या एअरटेलने एका सौद्यात आफ्रिकेतल्या पंधरा देशांतलं जाळं विकत घेतलं. टोकावड्याच्या दुकानावर झुलणारी ती लाल पाटी चाड आणि नायजरमधल्या बाजारांतही झुलते.

जुन्या टू-जी टॉवरचा आवाका जास्तीत जास्त ३५ किलोमीटर. ताकद वाढवली तरी त्यापुढे नाही, आणि त्याचं कारण मोठं सुंदर आहे. एकाच लहरीवर आठ जण आळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला सेकंदाच्या सतराशेव्या भागाएवढी पाळी. दूरच्या फोनचा आवाज प्रकाशाच्या वेगाने आला तरी किंचित उशिरा पोचतो आणि दुसऱ्याच्या पाळीवर आदळतो. म्हणून टॉवर त्याला सांगतो, तू थोडं आधी बोल. किती आधी, याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, शून्य ते त्रेसष्ट. एक पायरी साधारण साडेपाचशे मीटरची. त्रेसष्ट पायऱ्या संपल्या की ३५ किलोमीटर संपले. वेशीपलीकडच्या माणसाचा आवाज टॉवरला ऐकू येत असला तरी त्याला पाळी मिळत नाही.

आणि ऐकू येतं तरी किती सूक्ष्म! एका वॉटचे दहा लाख कोटी भाग करा. त्यातला एक भाग फोनच्या कानी पडला तरी तो त्यातून माणसाचा आवाज वेगळा काढतो.

उलट बाजू मात्र पाड्यावरच्या माणसाला छळते. टॉवर जवळ असला तर फोन कुजबुजतो, वॉटच्या काही हजाराव्या भागात भागतं. टॉवर लांब, मध्ये भैरवगडासारखा कातळ, मग फोन ओरडायला लागतो, दोन वॉटपर्यंत. कुजबुजीच्या कित्येकशे पट. रेंज शोधत तो रात्रभर चाचपडत राहतो आणि सकाळी बॅटरी रिकामी. म्हणजे जिथे वीज सगळ्यात दुर्मीळ, तिथेच बॅटरी सगळ्यात लवकर संपते. मलावीच्या डोंगरात हेच, आपल्याकडे माळशेजच्या वाटेवरच्या मोरोशीच्या खालच्या पाड्यांतही हेच. म्हणून लोक फोन बंद करून पदरात बांधून ठेवतात आणि ठरल्या वेळी रेंज येणाऱ्या दगडावर जाऊन उभे राहतात. मिस कॉलची भाषा मात्र पैशांच्या चणचणीतून जन्मली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. आपल्याला ती खास आपली वाटते. युगांडा-रवांडात तिला बीप करणं म्हणतात, नायजेरिया-घानात फ्लॅश करणं. कुणी कुणाला शिकवली नाही, गरजेने दोन्हीकडे एकच व्याकरण रचलं.

तरी लहर आणि तार एवढ्यावर माझं समाधान झालं नव्हतं. खरं कारण मला वीटभट्टीवर दिसलं. दिवाळीनंतर या भागातली कातकरी कुटुंबं बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. विटा रचून उभ्या केलेल्या खोपटात सहा महिने काढतात. पाड्यावर मीटर बसलेला असला तरी तो पाड्यावरच राहतो. त्याचं भाडं चढत राहतं, आणि भट्टीवर माणसं काळोखात. फोन मात्र कंबरेला येतो. मीटरला घर लागतं. घराला घरपट्टी लागते, जागेचा कागद लागतो, आणि ज्यांची घरं वनजमिनीवर किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर, त्यांच्याकडे नेमका तोच कागद नसतो. सिमकार्डाला फक्त माणूस आणि त्याचं ओळखपत्र लागतं. केनियात तर डोक्यावरून तार गेलेली असूनही लाखो घरं अंधारात होती, कारण जोडणीसाठी ३५ हजार शिलिंग एकरकमी भरावे लागत. २०१५ साली ते १५ हजारांवर आणले, हप्ते दिले, आणि २०१० मध्ये पाचांतल्या एकाकडे असलेली वीज बारा वर्षांत चारांतल्या तिघांकडे पोचली. गरिबाकडे रोजचे पाच रुपये असतात, एकदम पाच हजार नसतात.

या साध्या गोष्टीतून आफ्रिकेने जे उभं केलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कंपालात मजुरी करणारा मुलगा गावी आईला पैसे कसे पाठवी? तो रिचार्जचं कार्ड विकत घेई, ते न वापरता त्यावरचा आकडा गावातल्या फोनवाल्याला वाचून दाखवी. फोनवाला ते रिचार्ज स्वतःच्या फोनात भरी आणि थोडं कमिशन कापून आईच्या हातावर रोकड ठेवी. बोलण्याची मिनिटंच नाणं झाली होती! लोकांनी आधीच शोधलेली ही वाट पुढे मार्च २००७ मध्ये केनियात एम-पेसा नावाने राजमार्ग झाली. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायचे, टपरीवर जाऊन रोकड घ्यायची.

त्या नावातलं 'पेसा' ऐकून कान टवकारले असतील. स्वाहिलीत पेसा म्हणजे पैसे, आणि तो शब्द समुद्र ओलांडून गेलेला आपला पैसाच आहे. १८९० पासून पूर्व आफ्रिकेच्या जर्मन वसाहतीत 'पेसा' नावाचं तांब्याचं नाणं चालत होतं, ६४ पेसांचा एक रुपया, आपल्याकडच्या जुन्या हिशेबाप्रमाणे. नातं त्याहूनही जुनं आहे. टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याहून वर चढतो तो नाणेघाट, सातवाहनांचा. कल्याण बंदरातला माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या सागरी वाटाड्या ग्रंथात कल्याणचं नाव आहे, आणि त्याच ग्रंथात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांचंही. घाटमाथ्यावरच्या त्या दगडी रांजणात जकात पडत असे असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या रांजणापासून एम-पेसापर्यंत एक ओळ काढता येते, आणि ती काढताना मला खरोखर आनंद होतो.

एम-पेसाच्या जन्मात हात असलेल्या निक ह्यूज यांनी पुढे आणखी दोघांबरोबर एम-कोपा काढली. कोपा म्हणजे स्वाहिलीत उसनं घेणं. २०१२ पासून केनियात ते घरावर छोटं सौर पॅनल, दोन-तीन दिवे आणि फोन भरायची सोय देऊ लागले. सुरुवातीला थोडी अनामत, मग रोज चाळीस-पन्नास शिलिंग मोबाईलवरून, साधारण वर्षभर. एका दिवसाचे पैसे चुकले तर दिवा त्या दिवशी विझतो, भरले की पुन्हा लागतो. फेड पुरी झाली की संच घराचा. हे जमतं कारण दिव्याच्या त्या पेटीत एक सिमकार्ड बसवलेलं असतं. ते टॉवरशी बोलतं आणि सांगतं, आजचे आले. विजेच्या शोधात मैलोन्‌मैल पायपीट करणारा फोन शेवटी वीजच घरी घेऊन आला. जोडणीची रक्कम, जागेचा उतारा, खांब, डीपी, कशाचीच वाट त्याला पाहावी लागली नाही.

सौर दिवा गिरणी चालवणार नाही, पाणी उपसणार नाही हे मला ठाऊक आहे. तारेला पर्याय नाही, आणि पाड्याने कायम दोन दिव्यांवर समाधान मानावं असं म्हणणारा मी नाही. जानेवारी २०२५ मध्ये दार-एस-सलामला जमलेल्या आफ्रिकी देशांनी २०३० पर्यंत ३० कोटी माणसांना वीज द्यायचं ठरवलं आहे, त्यात तारही आहे आणि सौर पेटीही. आपल्या पाड्यांनाही दोन्ही हवं, आणि भट्टीवर जाताना पाठीवर नेता येईल असं काहीतरीही हवं.

टोकावड्याची ती फळी आता नाही. उरलेल्या पाड्यांवरही मीटर आले आणि दुकानात मोबाईलची कव्हरं लटकतात. पण श्रावणात झाड अजून पडतं, आणि तारा तुटल्या की बोर्ड पुन्हा बाहेर निघतो. तुम्ही पावसाळ्यात माळशेजला जाल तेव्हा वैशाखरे सोडलं की फोन विमान मोडवर टाका, नाहीतर दरीत तो टॉवर शोधत बॅटरी संपवेल. आणि येताना रस्त्याकडेला कर्टुली घ्यायला थांबलात, पाड्यावर लाईट नाही असं कळलं, तर गाडीतली पॉवर बँक घटकाभर बाहेर काढा. दहा हजार एमएएचच्या एका पॉवर बँकेत बटणाचे सात-आठ फोन भरतात.